पहिल्या चिकाची किटली

मी एक जुनी किटली आहे. अ‍ॅल्युमिनियमची, पोटाला पोचा पडलेली. गोठ्यातल्या खिळ्यावर रिकामी लटकते. पण मित्रांनो, कधी कधी माझ्या काठाला कुणीतरी ओलं तोंड लावतं. बघावं तर गोठ्यात कुणीच नसतं.

पत्र्याचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मला घडवलं. झाकण इतकं घट्ट बसवलं, की माझी मालकीण, गवळीण, म्हणाली, "काका, हे उघडायला पहिलवान कुठून आणू?"

गाय व्याली की तिचा पहिला चीक माझ्यात यायचा. पिवळाधमक, जड. शेजारणी कौतुकानं म्हणत, "दूध कसलं, औषध आहे हो हे!"

मग एका वर्षी तांबडी गाय व्याली. तेव्हा गवळणीचा धाकटा भाऊ छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला होता. चीक रोगाशी लढतो, असं कुणीसं सांगितलं. बुडत्याला काडीचा आधार! तिनं तांबडीची कास पार निपटली, सगळा चीक भावासाठी माझ्यात भरला आणि वासराला दुसऱ्या गाईचं दूध पाजलं.

"दूध ते दूध," ती म्हणाली.

भाऊ हळूहळू उठून बसला. वासरू हगवणीनं आडवं झालं, ते उठलंच नाही.

गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "याला आईचा चीक पाजला होता?"

गवळीण माझ्याकडे बघत राहिली. "भाऊ बरा झाला ना पण त्यानं!"

"त्यानं की औषधांनी? माणसाला चिकाचा किती गुण येतो, याचा अजून शोध चाललाय. येईलही. पण वासरू जन्मतं ते रोगापुढे उघडंवाघडं. त्याची ढाल याच घोटांत असते, बाई, आणि तीही पहिल्या काही तासांतच लागू पडते."

तेव्हापासून तांबडी मलाच चाटायची. किती घासलं तरी माझा चिकाचा वास जाईना. भावानं दूध सोडलं. "ताई, ती हंबरली की छातीत कळ येते गं," म्हणायचा.

तांबडी पुन्हा व्याली. वासरू इतकं अशक्त, की कासेपर्यंत पोचेना. शेजारीण भांडं घेऊन दारात हजर. "सुनेला थोडा चीक दे गं."

"आधी लेकराचं पोट, मग जगाचं," गवळीण धार काढता काढता म्हणाली.

भावानं माझ्यातला चीक बाटलीत ओतला. वासरानं तोंड फिरवलं. भावानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "पी रे बाबा. तुझ्या भावाच्या वाटचं मी प्यायलोय."

आणि वासरू चुटूचुटू ओढू लागलं.

शेजारणीनं भांडं पाठीमागे लपवलं. "राहू दे. उरला तर हाक मार."

उरला. तिलाही मिळाला. ते वासरू आता माझ्या खालून शिंगं घाशीत जातं.

मित्रांनो, चिकाची वाटी ओठाला लावण्याआधी एवढंच विचारा: वासरू प्यालं का? मोठ्यानं विचारा. उत्तर ऐकायला माझ्या काठाशी कुणीतरी थांबलेलं असतं.