कठडा नसलेली गच्ची

जयवंतराव सयाजीगंजातल्या त्या व्हिडिओ गेमच्या दुकानात शिरले ते मुळी लेकीला हरताना बघायला. बाप असं वागतो का, म्हणाल. पण त्यांचाही नाइलाज होता. येत्या रविवारी मोहनाला बघायला पुण्याहून मंडळी येणार होती, आणि नेमकी त्याच रविवारी अमदावादला या खेळाची स्पर्धा होती. बडोद्यातून एकच जण जाणार. सकाळी तरसालीच्या घरात कडाक्याचं भांडण झालं आणि शेवटी मोहनानेच अट घातली. आज जिंकले तर अमदावाद. हरले तर निमूट साडी नेसून पोहे घेऊन बाहेर येईन, तोंड वाकडं करणार नाही. जयवंतराव लगेच हो म्हणाले. कारण समोर उत्कर्ष होता, होस्टेलवरचा पोरगा, आणि तो वर्षभरात कुणाकडून हरला नव्हता.

"आवो अंकल, बेसो," म्हणत कुणीतरी त्यांना स्टूल दिलं. खेळ तसा सोपा. पडद्यावर दोन पैलवान, एकमेकांना लाथा-बुक्क्या. तीनपैकी दोन लढती मारेल त्याची सरशी. दुकानाचा एक नियम मात्र कडक होता. हरेल त्याने पुढच्या लढतीचं मैदान निवडायचं.

पहिलं मैदान चिठ्ठी टाकून निघालं. चारी बाजूंनी भिंतींचा चौक. उत्कर्षने मोहनाच्या पैलवानाला कोपऱ्यात कोंडलं आणि असं काही बुकललं की बिचाऱ्याला मागे सरायला इंचभर जागा नाही. खेळ खलास! जयवंतरावांना हायसं वाटलं. मग त्यांना लेकीचा चेहरा दिसला आणि स्वतःचीच लाज वाटली.

"गच्ची," मोहना म्हणाली.

गच्ची पडद्यावर आली आणि जयवंतराव ताडकन उठले. उभं आयुष्य त्यांनी महापालिकेत घरांचे नकाशे तपासले होते. "अरे, कठडा कुठाय हिला? हा नकाशा पास कुणी केला?"

दुकानात हशा पिकला. मोहनाने मागे वळूनही पाहिलं नाही. "बाबा, कठडा नाही तीच तर गंमत! खाली पडला तो हरला. अंगात कितीही ताकद उरलेली असो."

आता जयवंतरावांना खेळ दिसायला लागला. मघाशी चौकात मारझोड करणारा उत्कर्ष इथे बिचकून पावलं टाकत होता. मोहना मार खात खात मागे सरकत होती, थेट कडेला. अगं ए, मागे बघ! त्यांचा जीव टांगणीला लागला. उत्कर्ष उडी मारून लाथ घालायला आला, आणि मोहना टुणकन बाजूला झाली! गडी थेट गच्चीवरून खाली.

"वाह रे पठ्ठे!" जयवंतराव ओरडले, आणि ओरडल्यावर त्यांना आठवलं की आपण कुठल्या पक्षाचे आहोत ते.

शेवटचं मैदान उत्कर्षने निवडलं. माळरान. ना भिंत, ना कड, कितीही पळा. तो लांबून आगीचे गोळे फेकणार आणि जवळ गेलं की पळणार. मोहनाने सुरुवातीलाच एक सणसणीत लाथ हाणली. उत्कर्ष पळाला. सगळ्यांना वाटलं, आता ही मागे धावणार. पण मोहना जागच्या जागी उभी राहिली. गोळा आला की अडवायची, पुन्हा उभी.

"धाव गं! उभी काय राहिलीस?" जयवंतरावांनी कपाळावर हात मारला.

"वेळ बघा, बाबा."

पडद्याच्या वर घड्याळ उलटं पळत होतं. वेळ संपली की ज्याची ताकद जास्त तो जिंकणार, आणि त्या एका लाथेपुरती मोहना पुढे होती. म्हणजे आता यायला उत्कर्षलाच लागणार! पळायला एवढं मोठं माळरान, पण ते त्याच्या काय कामाचं?

"आव ने! डरी गई के शुं?" उत्कर्ष चिडून म्हणाला.

"हलू नकोस, मोहना! त्याला येऊ दे!" आता जयवंतराव स्टुलावर चढले होते. उत्कर्ष शेवटी धावत आलाच, आणि मोहनाची लाथ तयारच होती. त्याच्यापाठोपाठ वेळही संपली.

मग काय विचारता! शिट्ट्या, टाळ्या, आरडाओरडा. उत्कर्षने हात पुढे केला. मोहनाने तो घट्ट धरून हलवला आणि बापाकडे पाहिलं. जयवंतरावांचा घसा पार बसला होता. ते तिला घेऊन शेजारच्या एसटीडी बूथमध्ये शिरले आणि त्यांनी पुण्याला मुलाकडच्यांना फोन लावला.

"उदयसिंहराव? बडोद्याहून जयवंतराव. रविवारचं जमणार नाही हो. मुलगी अमदावादला चाललीय... नाही, लग्नाला नाही. मारामारी खेळायला. हो, हो, बरोबर ऐकलंत."

मोहनाने डोक्याला हात लावला. पलीकडून बराच वेळ काहीतरी चढ्या आवाजात चाललं होतं. जयवंतरावांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मुलगी बघायचीय ना? मग मुलाला घेऊन अमदावादला या. दिवाणखान्यात मान खाली घालून बसलेल्या पोरीत काय दिसणार तुम्हाला? माझ्या घरात वाढली, तरी मला आज दिसली."

पलीकडे फोन खाडकन आपटला. जयवंतरावांनी पुन्हा लावला नाही.