रद्द झालेली चाचणी

इंजिन सुरू झालं आणि चारुदत्तकाकांनी ते लगेच बंदही केलं. जेमतेम दोन सेकंद. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

न्यू जर्सीतल्या त्या प्रयोगशाळेत मोटारींच्या धुराची तपासणी होते. तपासणीच्या वेळी रोलरवर गाडी चालवायचं काम बावीस वर्षं काकांकडे होतं. चाकं फिरतात, गाडी जागच्या जागी. "लाखभर मैल गाडी चालवली, पोचलो कुठेच नाही," असं ते स्वतःच हसत सांगत. अमेरिकन सहकारीही त्यांना काकाच म्हणत. ते त्यांचं नावच आहे, अशी दोघातिघांची पक्की समजूत होती. बावीस वर्षांत त्यांच्या हातून एकही चाचणी वाया गेली नव्हती आणि येत्या शुक्रवारी ते निवृत्त होणार होते.

नियम साधा होता. थंड इंजिनाचा धूर सगळ्यात घाणेरडा, म्हणून गाडी आदल्या दिवसापासून बंद ठेवायची आणि रोलरवरसुद्धा ढकलत न्यायची. तिथल्या तरुण इंजिनिअर अंतराने तीन वर्षं खपून धूर शुद्ध करणारा जो नवा कन्व्हर्टर बनवला होता, त्याची सगळी करामत या थंड गाडीच्या पहिल्या दोन मिनिटांतच दिसायची होती. ती बघायला मोटार कंपनीचे दोन पाहुणे आले होते. त्यांना पटलं तर तिचं काम पुढे चालणार, नाहीतर गाशा गुंडाळायचा.

काकांना फक्त तेलाचं तापमान बघायचं होतं. ब्रेकला पाय न लावता बटण दाबलं, की इंजिन सुरू न होता आकडे दिसतात. पण घरी पार्सिपनीला थंडीत रोज सकाळी वीणाकाकूंची गाडी गरम करून ठेवायची त्यांना इतकी सवय, की पाय आपोआप ब्रेकवर गेला आणि इंजिन सुरू झालं. बायकोचे लाड असे भलत्या ठिकाणी नडले.

आसपास कुणी नव्हतं. पाहुणे काचेपलीकडे कॉफी घेत होते. काका गप्प बसले असते, तर कुणाला पत्ताही लागला नसता. मग ते उठले आणि अंतराला बाजूला घेऊन म्हणाले,

"टेस्ट कॅन्सल कर. माझ्याकडून इंजिन स्टार्ट झालं."

"व्हॉट? किती वेळ?"

"दोन सेकंद."

"दोन सेकंदांनी काय होतंय, काका? टेम्परेचर तेवढंच असणार. आणि त्यांची दोनची फ्लाइट आहे."

"माहितीये. फरक पडला नसेलही. पण गाडी कालपासून बंद होती असं लिहून खाली सही मला करायचीये. कशी करू, सांग?"

अंतराच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला काकांचा राग आला होता आणि काकांना स्वतःचा त्याहून जास्त. ती पाहुण्यांशी काय बोलली ते काचेतून ऐकू आलं नाही. त्यांनी घड्याळं पाहिली, हात मिळवले, अंतराकडे रिपोर्ट पाठवण्याचा निरोप ठेवला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी चौघांनी मिळून गाडी रोलरवर ढकलली. काकांनी ती अशी चालवली, की नेमून दिलेल्या वेगापासून कुठे तसूभर ढळली नाही. आकडे आले ते मर्यादेच्या निम्म्यावर. अंतरा काचेपलीकडे खुर्चीत मटकन बसली आणि हसायला लागली. काकांच्या जिवात जीव आला.

संध्याकाळी दोघं रिपोर्टचे कागद लावत बसले. पाहुण्यांना रद्द चाचणीचा कागदही पाठवावा लागणार होता. त्यावर कारणापुढे अंतराने लिहिलं होतं, 'तांत्रिक बिघाड.'

"राहू द्या ना, काका," ती म्हणाली. "बावीस वर्षांत एक टेस्ट व्हॉइड नाही. शेवटच्या आठवड्यात कशाला?"

तिची माया काकांना कळली. मोहही झाला, खोटं कशाला बोला. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, खिशातलं पेन काढलं आणि त्या दोन शब्दांवर सरळ रेघ मारली.

"बिघाड म्हटलं की ते तुझ्या कन्व्हर्टरवर संशय घेतील. त्यात काही बिघडलं नव्हतं."

रेघेवर त्यांनी लिहिलं, 'ड्रायव्हरची चूक'. खाली पूर्ण नाव घातलं, चारुदत्त मनोहर लिमये, आणि नेहमीसारखी सुवाच्य सही केली. मग शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ते बसून राहिले.