महाराणींचं जेवण

मास्तर ड्रायव्हिंग शिकवायचे. गावातली निम्मी माणसं त्यांच्यामुळे गाडी चालवत होती आणि उरलेली निम्मी त्यांच्यामुळेच जपून रस्ता ओलांडत होती. अशा माणसाला साधा चमचा चालवता येत नाही, असं त्यांच्या बायकोचं ठाम मत होतं. लेकही तिच्याच बाजूने साक्ष देत होती.

लेक सोळा वर्षांची. तिला बसता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, मान सावरत नव्हती. नकार मात्र झकास द्यायची. म्हणून घरात ती महाराणी. तिला भरवायचं ते आईनेच. मिक्सरमधून काढलेलं जेवण, छोटा चमचा, हनुवटीला हाताचा आधार. घाई झाली की ठसका, आणि ठसका वाढला की दवाखाना. तिला उचलून उचलून आईला हर्निया झाला होता. "ऑपरेशन आता लांबवू नका," डॉक्टर म्हणाले. "ही दुसऱ्या कुणाच्या हातून जेवली की लगेच येते," आई म्हणाली.

म्हणजे सगळं येऊन अडलं ते मास्तरांच्या चमच्याशी.

सरावाच्या वेळी आई स्वयंपाकघरात दडून बसायची. मास्तर चमचा पुढे न्यायचे. तो ओठांपाशी पोचला की सवयीने त्यांचा पाय फरशीवर ब्रेक दाबायचा. चमचा थबकायचा, महाराणी तोंड मिटून घ्यायच्या.

"अगं, तू भरवताना नक्की करतेस तरी काय? गाणं म्हणतेस?"

"माझा गळा ऐकलाय ना तुम्ही?" आई म्हणाली. मग भांडी उगाच इकडची तिकडे करत पुटपुटली, "बोलते थोडं."

"कशाबद्दल?"

"तुमच्याबद्दल."

"चांगलं?"

"चांगलं ऐकून कुणाला भूक लागते?"

मास्तरांनी मनात हिशेब मांडला. सोळा वर्षं आपली उणीदुणी या घरात तिन्ही त्रिकाळ वाढली जात होती, आणि पोरीने ती चाटूनपुसून खाल्ली होती! पण गरजवंताला अक्कल नसते. संध्याकाळी ते वाटी घेऊन बसले आणि स्वतःची निंदा सुरू केली.

"तुझा बाप ओला टॉवेल गादीवर टाकतो." तोंड किंचित उघडलं. "पण माणूस दमून येतो गं, तेव्हा..." तोंड बंद.

स्वतःची निंदा करणं सोपं नाही. दोन वाक्यांत माणूस स्वतःचं वकीलपत्र घेतो. मास्तरांनी चार अपराध कबूल केले आणि चारही वेळा स्वतःला निर्दोष सोडलं. शेवटी ते वैतागले.

"आणि तुझी आई गं? ती काय मोठी साधी आहे? गाडीत माझ्या शेजारी बसते आणि मला सांगते, समोर बघा! मला! मग मी काय आकाशात बघून चालवतो?"

महाराणींनी आ केला. चमचा आत गेला. ब्रेक दाबायचं मास्तर विसरूनच गेले.

त्यांना मग ऊतच आला. आई भाजी जाळते आणि नाव गॅसचं घेते. चष्मा डोक्यावर ठेवते आणि घर डोक्यावर घेते. महाराणी घास गिळत होत्या, हुंकारत होत्या. स्वयंपाकघरात कुणीतरी पातेलं जरा जोरात आपटलं.

"आणि आता ऑपरेशनला जात नाही म्हणे. का, तर आपलं दोघांचं तिच्यावाचून चालणार नाही. पोरी, खरंच नाही चालणार. म्हणून तर तिला..." मास्तरांचा चमचा हवेत राहिला.

"अंऽ," महाराणींनी दरडावलं. पुढचा घास हवा होता, आणि पुढची चहाडीही.

वाटी रिकामी झाल्यावर आई बाहेर आली. तिने लेकीची हनुवटी पुसली, घशावर कान ठेवून श्वास ऐकला. घरघर नव्हती. तिने वाटी दोनदा बघितली, नवऱ्याकडे मात्र बघितलं नाही.

"भाजी एकदाच जळली होती."

"बरं."

"डॉक्टरांना फोन लावा. उद्या येते म्हणावं." ती लेकीच्या केसांतून हात फिरवत राहिली. "आणि लवकर घरी सोडा, असंही सांगा. इथे माझी बाजू मांडायला कुणी नाही."