ठेवीवरच्या कार्डाची धास्ती

मित्रांनो, माझ्या कोपऱ्यांची चमक आता गेली आहे. अंगावरच्या नावातली दोन अक्षरे झिजली आहेत आणि पाठीवरची काळी पट्टी ओरखड्यांनी भरली आहे. मी प्लास्टिकचा एक जुना तुकडा आहे. लोक मला क्रेडिट कार्ड म्हणतात. वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आपण किती उपयोगी पडलो हे सांगतात. मीही पडलो. पण माझे बहुतेक आयुष्य भीतीत गेले. निम्मी भीती माझी होती आणि निम्मी माझ्या मालकाची, आणि आम्ही दोघांनीही तिच्यात कधी काटकसर केली नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पातळ थर एकावर एक ठेवून आम्हाला तापवले, दाबले आणि पत्त्यांसारखे कापले. शेजारच्या पट्ट्यावरून धातूची कार्डे जात होती. त्यांच्यावर विमानाचे चित्र होते. ती एकमेकांवर आपटली की खणखण वाजत. आम्ही आपटलो तरी कोणाला कळत नसे. मी ठेवीवरचे कार्ड. ज्याला या देशात कोणी ओळखत नाही, त्याने बँकेत आधी काही रक्कम अडकवून ठेवायची आणि तेवढ्याच मर्यादेपर्यंत मला वापरायचे, अशी माझी योग्यता. काहीही घेतले तर मी थोडे पॉइंट देतो, त्यांचे पुढे थोडे पैसे होतात. विमानात बसवत नाही.

माझे मालक मास्तर. आपल्या गावी ते शाळेत इतिहास शिकवायचे. इथे आले ते बायकोच्या नोकरीमुळे. ती एका दवाखान्यात लोकांचे आखडलेले गुडघे वाकवायची. तिने आयुष्यात कोणाला शिकवले नव्हते, तरी नवरा मास्तर म्हणून तिला सगळे मास्तरीणबाईच म्हणत. मास्तर स्वतः गाद्यांच्या गोदामात गाद्या उचलायचे. दोघे एका कपडे धुलाईच्या दुकानावरच्या खोलीत राहत. जमिनीच्या फटींतून दिवसभर वाफ वर यायची आणि खोलीतल्या वस्तूंना आपोआप इस्त्री व्हायची.

बँकेत गेले तेव्हा मास्तरांना विमानाचेच कार्ड हवे होते. खिडकीमागच्या बाईंनी संगणकात पाहिले आणि मान हलवली.

"तुमचा इथे काही इतिहास नाही."

"बाई, मी इतिहासच शिकवायचो," मास्तर म्हणाले.

"उधारीचा इतिहास म्हणतेय मी. तुम्ही इथे कधी काही उसनं घेतलंय का? घेऊन परत केलंय का?"

"कधीच नाही," मास्तर अभिमानाने म्हणाले.

"तेच तर वाईट आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी माझा अर्ज पुढे सरकवला.

बाहेर पडल्यावर मास्तर बायकोला म्हणाले, "म्हणजे आपलेच पैसे आपल्याला उसने देणार?"

"आणि वर आपण आभार मानायचे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "चला, घ्या. कुठून तरी सुरुवात हवी."

अशी माझी पाठवणी झाली. मास्तरांच्या घराण्यात कर्ज हा शब्द रोगाच्या नावासारखा हळू आवाजात उच्चारत. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे त्यांना इतके पटवलेले होते की ते झोपतानाही पाय पोटाशी घेत. मला हात लावण्यापूर्वी ते हात धुवायचे. रुमालात गुंडाळून चपात्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवायचे. दुकानात मला यंत्रावर टेकवताना त्यांचा श्वास अडकायचा, आणि 'मंजूर' अशी अक्षरे उमटेपर्यंत माझाही. पण बिल आले की त्याच दिवशी पूर्ण भरायचे. मित्रांनो, तो काळ कंटाळवाणा होता, आणि आता वाटते, तोच बरा होता.

मग घरात मामा आले.

मामा मास्तरीणबाईंचे मामा. लिफ्ट दुरुस्त करायचे, आणि या देशात बरीच वर्षे काढली असल्यामुळे नव्या माणसाला शहाणे करणे हे आपले काम आहे अशी त्यांची समजूत होती. त्यांच्या पाकिटात इतकी कार्डे होती की खुर्चीत ते नेहमी एका बाजूला कलून बसत. मी त्या पाकिटाकडे पाहिले. दोन धातूची, एक सोनेरी, एक काळे. मला माझाच रंग आठवेना.

"जावईबापू, कार्ड डब्यात ठेवून पॉइंट अंडी घालत नाहीत," मामा म्हणाले. "मी मागच्या वर्षी फुकट विमानाने फिरलो. हॉटेलसुद्धा फुकट."

"पण मामा, आम्ही किराण्याशिवाय घेतो काय?" मास्तरीणबाईंनी विचारले. "मला तर वाटतं, आधी आपला खर्च बघावा, मग त्याला शोभेल ते कार्ड बघावं. आपल्याकडे गाडी नाही, तर पेट्रोलवर पॉइंट देणारं कार्ड काय कामाचं?"

"तू गुडघे वाकव पोरी, हे मला कळतं," मामा म्हणाले. "स्वतःचा खर्च कमी असेल तर दुसऱ्याचा घ्यायचा. कोणाला बूट घ्यायचेत, घेऊ दे तुमच्या कार्डावर. तो तुम्हाला रोख देईल. पैसे त्याचे, पॉइंट तुमचे. इथे आपले सगळे लोक असंच करतात."

मी मास्तरांच्या डोळ्यांत पाहिले. गावी त्यांच्या आईचे वय झाले होते आणि विमानाचे भाडे ऐकून ते दरवेळी विषय बदलायचे.

दुसऱ्या आठवड्यापासून माझी वरात सुरू झाली. गोदामात गाद्या उचलणाऱ्या एकाचे बूट. मग धुलाईच्या दुकानातल्या इस्त्रीवाल्याचा फोन. मग कोणाची शेगडी, कोणाच्या बायकोचा चष्मा. माणसे रोख आणून द्यायची आणि मास्तर ती बायकोच्या नकळत बिस्किटांच्या डब्यात ठेवायचे, बिलाच्या तारखेला एकदम भरायची म्हणून. एका पैचीही लबाडी नव्हती. त्या डब्यात बोटे घालून त्यांनी कधी बिस्किटसुद्धा खाल्ले नाही.

पण माझी घुसमट त्यांना कशी कळावी? माझी मर्यादा म्हणजे एक लहान भांडे. प्रत्येक खरेदीबरोबर ते भरत चालले होते. आणि बँक दर महिन्याला माझ्या पोटाची पातळी मोजून उधारीचा इतिहास लिहिणाऱ्यांना कळवत असते. हा माणूस मर्यादेच्या किती जवळ पोचला, एवढेच. बिस्किटांच्या डब्यात काय आहे हे ती कळवत नाही. कारण डबा तिच्या हिशेबातच नसतो. मला हे ठाऊक होते. मला बोलता येत नव्हते.

शेवटी मामांनीच मामीसाठी कपडे धुण्याचे यंत्र घेतले, माझ्यावर. "पैसे पुढच्या आठवड्यात," ते म्हणाले. मी काठोकाठ भरलो. त्या दिवशी गल्ल्यावरच्या यंत्रावर 'मंजूर' उमटायला नेहमीपेक्षा वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात मी माझे सगळे आयुष्य पाहून घेतले.

त्याच सुमारास मास्तरीणबाईंचे पोट दिसायला लागले. खोलीची मालकीण, धुलाईचे दुकान चालवणारी विधवा, वर आली. बाई वाईट नव्हती. तिने दारातच सांगितले, "इथे वाफ असते, रसायनं असतात. तान्हं मूल मी ठेवू देणार नाही. उद्या काही झालं तर मी कोणाला तोंड दाखवू? मूल यायच्या आत दुसरीकडे बघा."

दोन खोल्यांचे एक घर मिळत होते. दवाखान्यापासून चालत जाता येईल असे, खिडकीला ऊन येणारे. मास्तरीणबाईंनी पाळणा कुठे ठेवायचा तेही ठरवून टाकले होते. दोघे दलालाच्या कचेरीत गेले. मी मास्तरांच्या खिशात होतो आणि त्यांचे काळीज मला कापडातून ऐकू येत होते.

दलालाने संगणकावर मास्तरांचा उधारीचा इतिहास पाहिला. मग चष्मा काढला. मित्रांनो, कचेरीतला माणूस चष्मा काढतो तेव्हा काही चांगले ऐकायला मिळत नाही.

"तुमच्याकडे एकच कार्ड आहे, आणि ते काठोकाठ भरलंय," तो म्हणाला. "घरमालक म्हणतील, हा माणूस उधारीवर जगतोय. भाडं कुठून देणार?"

"अहो, पण ती खरेदी माझी नाही," मास्तर म्हणाले. "बूट त्याचे, शेगडी तिची. पैसे सगळे घरी डब्यात आहेत."

"डबा आम्हाला दिसत नाही साहेब."

मास्तरीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मास्तरांना बरे वाटले असते. त्यांनी दलालाला एवढेच विचारले, "कार्ड रिकामं केलं तर तुम्हाला कधी दिसेल?"

"पुढचं बिल निघालं की. आठवडाभर मी घर धरून ठेवतो. त्यापुढे माझ्या हातात नाही."

जिन्यावर त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारलं होतं, एवढे पॉइंट कुठून आले. तुम्ही म्हणालात, किराणा."

"आईला भेटायला जाऊ म्हणून..."

"आईंना नातवंड दाखवायला घर लागेल की नाही?"

मास्तरांनी त्याच दुपारी डबा बगलेत मारून बँक गाठली आणि खिडकीत सगळा ओतला. मला श्वास घेता आला. पण धुलाईच्या यंत्राचा भार तसाच छातीवर होता, आणि तो काही लहान नव्हता. मास्तरांचा पगार यायला अवकाश होता. बिल निघणार होते त्याआधी.

मास्तरीणबाईंनी मामांना फोन लावला.

"मामा, यंत्राचे पैसे हवेत. आज."

"अगं, पॉइंट मिळाले ना तुम्हाला? एवढी घाई कसली?"

"पॉइंटांत मूल झोपवता येत नाही मामा."

मग मामा म्हणाले, "मी येतो."

ते आले आणि खुर्चीत नेहमीसारखे कलून बसले. मग त्यांनी पाकीट काढून टेबलावर ठेवले, आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी भीती मला तिथे भेटली. ती सोनेरी, ती काळी, ती खणखण वाजणारी, सगळी गळ्यापर्यंत भरलेली होती. मामा या कार्डाचे बिल त्या कार्डाने भरत होते. फुकटच्या विमानाचे व्याज अजून फिटत होते. त्यांच्या एकाही कार्डावर यंत्र बसले नसते, म्हणून ते माझ्याकडे आले होते.

"मामीला माहीत आहे?" मास्तरीणबाईंनी हळूच विचारले.

"ती यंत्राची वाट बघतेय. मी सांगितलंय, पॉइंटवर मिळणार आहे. अजून खोक्यातच आहे. लिफ्टच्या गोदामात लपवलंय." मामांनी डोळ्यांवर हात ठेवला. "मी आता बिलांचे लिफाफे उघडतच नाही पोरी. उघडायची भीती वाटते."

बुडत्याचा पाय खोलात कसा जातो, ते मी इतक्या जवळून प्रथमच पाहत होतो.

मास्तर उठले. "खोक्यात आहे ना? टेप फाडलेली नाही ना? मग दुकान परत घेईल. मामा, ज्या कार्डावर घेतलं त्याच कार्डावर पैसे परत येतात. उठा."

त्या दोघांनी ते खोके गोदामातून काढले, हातगाडीवर चढवले आणि भर रस्त्यातून दुकानात नेले. मामा सारखे इकडेतिकडे पाहत होते, कोणी ओळखीचे दिसेल म्हणून. दुकानदाराने खोके चारही बाजूंनी तपासले. मी गल्ल्यावरच्या यंत्रावर टेकलो. या वेळी पैसे उलटे आले. पॉइंटही परत गेले. जाताना त्यांनी निरोपसुद्धा घेतला नाही.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मी सांगू शकत नाही, कारण मी पुन्हा रुमालात होतो. परतीचे पैसे खात्यात उतरायला वेळ लागतो, आणि ते बिलाच्या आधी उतरतील की नंतर, हे कोणी सांगेना. मास्तर दिवसातून अनेकदा चपात्यांचा डबा उघडून मला पाहून जायचे, जणू माझ्या तोंडावर ते लिहून येणार होते. मास्तरीणबाई सामान बांधायच्या आणि पुन्हा सोडायच्या. बांधून ठेवले आणि घर मिळाले नाही तर, ही धास्ती.

पैसे उतरले. बिल जवळजवळ कोरे निघाले. दलालाने घरमालकाशी बोलून होकार कळवला, मात्र एका महिन्याचे भाडे जादा मागून घेतले. एकदा भ्यालेला माणूस फुकट विश्वास ठेवत नाही. मास्तरांनी फोन ठेवला आणि ते जमिनीवरच बसले. मूल नव्या घरात आले, ऊन येणाऱ्या खिडकीपाशी. मुलगी झाली.

पुढे बँकेने मास्तरांना विमानाचे कार्ड स्वतःहून देऊ केले. धातूचे. त्यांनी ते पत्रक मास्तरीणबाईंसमोर ठेवले. दोघांनी आपला खर्च मांडला: दूध, लंगोट, भाजी, बसचा पास. वर्षाची फी वजा केली तर विमान जमिनीवरच राहत होते. त्यांनी बिनफीचे, किराण्यावर थोडे जास्त परत देणारे साधे कार्ड घेतले. मग मास्तरांनी कात्री उचलली. मी डोळे मिटले असते, असते तर.

"ते कापू नका," मास्तरीणबाई म्हणाल्या. "या देशात आपल्याला ओळखणारं सगळ्यात जुनं तेच आहे. अधूनमधून त्याच्यावर एखादा पाव घेत जा."

मामांनीही आपली कार्डे याच टेबलावर पसरली. मास्तरीणबाई एकेक लिफाफा उघडून देतात, मामा दुसरीकडे बघत ऐकतात. सगळ्यात जास्त व्याज खाणारे आधी फेडायचे, असे ठरले आहे. ते अजून फिटलेले नाही. मामीला आता माहीत आहे. ती हाताने कपडे धुते आणि धुताना बोलते.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. आपल्या खर्चाला शोभेल असेच कार्ड घरात आणा. त्याला काठापर्यंत भरू नका, तारखेला पूर्ण फेडा, आणि दुसऱ्याची खरेदी त्याच्या माथी मारू नका. मला घाबरून रुमालात गुंडाळू नका, पण मला विसरूही नका.

मुलगी आता रांगते. मी आता ज्या खालच्या खणात असतो, तो तिच्या हाताला लागतो. काल तिने मला बाहेर काढले, उलटसुलट पाहिले आणि माझा एक कोपरा तोंडात घालून नव्या दातांनी चावत बसली. या घरात माझी जराही भीती न वाटणारे ते पहिलेच माणूस. तेव्हापासून मला तिची फार काळजी लागून राहिली आहे.