चार सेकंद

"बाई, आपलं घड्याळ चार सेकंद उशिरा सुरू झालं होतं," सेकंदकाका म्हणाले.

टेबलप्रमुख बाईंचं पेन अहवालावर थबकलं. खाली ओल्या टर्फवर हरलेल्या संघातली पोरं अजून पालथी पडली होती.

"कधी?"

"शेवटच्या पेनल्टी कॉर्नरला. माझ्या हातून."

काका शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं साहाय्यक होते आणि सव्वीस वर्षं हॉकीच्या मैदानावर घड्याळ सांभाळत होते. उजव्या हाताशी फलकावरच्या घड्याळाचं बटण, डाव्या मुठीत स्वतःचं जुनं स्टॉपवॉच. "मी गेले तर तुम्ही आधी वेळ लिहून ठेवाल, मग रडाल," असं बायको अजूनही म्हणते. घड्याळवाल्यानं मॅच बघायची नसते, हा त्यांचा नियम. पंचाचा हात आणि शिट्टी, बस्स. इतक्या वर्षांत एकही गोल त्यांनी धड पाहिला नव्हता.

एकवीस वर्षांखालच्या मुलांचं जागतिक अजिंक्यपद मात्र शहरात पहिल्यांदाच आलं होतं. आज उपांत्य सामना. दोन मिनिटं उरलेली, पेनल्टी कॉर्नर मिळाला म्हणून घड्याळ थांबवलेलं. एका गोलानं पुढे असलेल्या संघाचा गोलरक्षक दोन्ही खांबांवर हळूच थाप मारत होता, बुजलेल्या जनावराला चुचकारावं तशी. काका बघतच राहिले. शिट्टी झाली, चेंडू सुटला, फटका बसला आणि त्या पोरानं आडवं झेपावून तो बाहेर काढला. "वा रे पठ्ठ्या!" काकांच्या तोंडून निघालं. मग उजवा हात बटणाकडे धावला. डावा अंगठा तेवढा सवयीनं शिट्टीलाच दाबला गेला होता.

फलकावर एक सेकंद उरला असताना बरोबरीचा गोल झाला. डाव्या मुठीतल्या घड्याळात वेळ संपून तीन सेकंद झाले होते. पुढे शूटआउटमध्ये तोच गोलरक्षक हरला.

"निकाल आता बदलत नाही, काका," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पंचांच्या सह्या झाल्यात. आणि कुणाच्या लक्षातही आलेलं नाही."

"माझ्या आलंय ना."

"मी हे लिहिलं तर रविवारी फायनलला तुम्हाला बसवता येणार नाही. शेवटची स्पर्धा तुमची. कशाला पायावर धोंडा मारून घेताय?"

"शर्टसुद्धा इस्त्री करून टांगलाय," काका कसनुसं हसले. "पण बाई, प्रयोगात आकडा चुकला की मुलं खाडाखोड करायची. मी म्हणायचो, खोडू नका. चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारा, शेजारी बरोबर आकडा लिहा, खाली सही करा. तीस वर्षं हेच बजावत आलो."

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग लिहिलं, आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. "त्या संघालाही कळवावं लागेल."

"मी येतो बरोबर. त्या गोलरक्षकाला मीच सांगतो."

सांगितलं. पोरगा ऐकून घेताना एकदाच म्हणाला, "चार?" काकांनी मान हलवली. त्यांच्या नजरेला नजर देऊन त्यानं हातमोजा काढला आणि हात पुढे केला.

रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून बायकोशेजारी प्रेक्षकांत बसले.

"आता तरी मोकळेपणानं बघा," ती म्हणाली. "शिट्टीवाचून तुमचं काय घोडं अडलंय?"

"बघतोय की."

टेबलावर त्यांच्या खुर्चीत एक तरुण मुलगी होती. ती पंचाकडेच बघत होती, चेंडूकडे एकदाही नाही. काका तिच्याकडे बघत होते, आणि त्यांचा डावा हात खिशात होता.

शेवटचा भोंगा वाजला. सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं.

"काय गोल होता हो शेवटचा! बघितलात?" बायकोनं विचारलं.

काकांनी खिशातून घड्याळ काढून डोळ्यांजवळ धरलं, मग फलकाकडे पाहिलं.

"बरोबर आहे पोरीचं," ते म्हणाले.