पाळीवरचा ट्रक

सौंदडच्या बाजूची जमीन इतकी सपाट, की ठेवलेली गोटी जागची हलायची नाही. उतार म्हणून होता तो एकच, गावच्या तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध. आणि बकाराम ड्रायव्हरला नेमका तोच हवा होता. राइस मिलचा डिझेल ट्रक थंडी पडल्यापासून सकाळी सुरू व्हायचं नावच घेत नव्हता. मग बकाराम रोज संध्याकाळी गाडी पाळीवर चढवून ठेवायचा, सकाळी उतारावर सोडून द्यायचा आणि अर्ध्यात गिअर टाकायचा. इंजिन खोकत, धूर ओकत जागं व्हायचं. नंतर दिवसभर काही तक्रार नसायची.

तक्रार होती ती पुनारामची. पुनाराम कोहळी गावचा पाणकर. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, कधी आणि किती सोडायचं ते तो ठरवणार, आणि गाव मुकाट्यानं ऐकणार. ही पाळ त्याच्या आज्याच्या आज्यानं बांधलेली, त्यामुळे तिच्यावर कोणी कुदळ टेकली तरी त्याच्याच पाठीत कळ यायची. सन अठ्ठावन्नचा जानेवारी चालू होता. एका सकाळी पाळीच्या बाहेरच्या अंगाला, ट्रकच्या चाकोरीच्या बरोब्बर खाली, त्याला ओल दिसली. त्यानं हात लावला, माती बोटांना चिकटली. पाळ फुटली असती तर खालचा ऊस तर गेलाच असता, वर अर्धं गावही.

तो तडक ट्रकपाशी गेला. "काढ गा गाडी. आजपासून पाळीवर चढवली तं चाकं तलावात फेकीन."

बकाराम घोंगडी लपेटून उभा होता. "मंग सुरू कशी करू, काकाजी? एक दिवस माल ठेसनावर नाई पोहोचला तं मालक दुसरा ड्रायव्हर आणते."

"बिमारी काऊन नाई शोधत?"

"मले चालवता येते. मिस्त्री नागपुरात बसून राहिला."

बाजाराचा दिवस होता, मिल बंद. सुरू झाली तर संध्याकाळी पुन्हा पाळीवर येईल, म्हणून पुनारामनं गिअर टाकू दिला नाही. गाडी नुसतीच घरंगळत खाली सपाट खळ्यावर आली आणि थांबली. आता ती इथूनच सुरू व्हायची, नाहीतर नाही. बकारामचं तोंड एवढंसं झालं.

खरं तर पुनारामचं काम झालं होतं. पण हा म्हातारा तसा सुखानं घरी जाणारा नव्हता. अडलेलं काही दिसलं की त्याला चैन पडत नसे. तो चार पावलं गेला आणि परत आला. "पण थंडीतच काऊन गा? दिवसा कशी होते?"

बकारामनं सांगितलं ते असं. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पडते, इथे ठिणगी नाही. हवा दाबून दाबून तापते आणि त्यात डिझेल पेटतं. थंड इंजिनात ते साधत नाही, म्हणून सहा खान्यांत, म्हणजे सिलिंडरांत, सहा हीटर. आधी बटन ओढून ते तापवायचे. तापले की स्टिअरिंगजवळच्या जाळीतली तार लाल होते, मग सेल्फ मारायचा.

"मंग लाल होते का?"

"महिना झाला, नाई होत."

"करंट येते कसा?"

"बॅटरीतून जाळीत, जाळीतून पहिल्या हीटरात, पहिल्यातून दुसऱ्यात, असा सहाव्यापर्यंत. मंग लोखंडातून माघारी बॅटरीत."

पुनाराम खुलला. हे तर त्याच्या घरचंच! एका बांधीतून दुसऱ्या बांधीत, तिथून तिसऱ्या. पाणी कुठे अडलं ते शोधायला पाणकराला पोथी लागत नाही. शेवटची ओली बांधी पाहायची, अडथळा तिच्या पुढेच. त्यानं बकारामला बटन ओढायला लावलं आणि स्वतः एकेका हीटरला बोट लावत गेला. पहिला गार. दुसरा गार. सहाच्या सहा गार.

"मुंड्यातच पाणी नाई, तलावाच्या तोंडालाच. बॅटरी मेली तुही," त्यानं ठणकावून सांगितलं.

दुपारपर्यंत बॅटरीची टोकं घासली, तार बदलली. हीटर गारच. शेवटी वैतागून बकारामनं बटन ओढलेलंच ठेवून पहिल्या हीटराची तार सोडवून लोखंडाला टेकवली. चर्रकन ठिणगी उडाली!

पुनाराम बघतच राहिला. मुंड्याशी पाणी आहे आणि पहिली बांधी कोरडी? साठ वर्षांत असं त्यानं पाहिलं नव्हतं. तो इंजिनापुढे उकिडवा बसला. बायको सुशीलाबाई जेवायला बोलवायला आली, तिला त्यानं हातानंच परत पाठवलं. आपण चुकलो याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. उलट पोराटोरासारखा आनंद झाला होता, कारण या वयात नवं पाणी कुठून भेटायला!

"बकाराम," तो हळूच म्हणाला, "माघारी जाते म्हणलास ना तू? आपलं पाणी अडलं तं अडल्या जागेवर साचते. ह्या करंटले माघारी जायची वाट बंद दिसली तं घरातून निघतच नाई. एक बांधी बंद, का सहाही कोरड्या."

"मंग बंद कोणती, ते कसं समजन?"

"बांधी अडली तं आपण काय करतो? बाजूनं पाट काढतो. एकेकाच्या बाजूनं पाट काढ."

बकारामनं तांब्याच्या तारेचा तुकडा घेतला. पुनाराम ड्रायव्हरच्या गादीवर चढून जाळीला नाक लावून बसला. बकारामनं पहिल्या हीटराच्या दोन्ही टोकांना तार टेकवली, पुनारामनं बटन ओढून पन्नास आकडे मोजले. काही नाही. दुसरा, तिसरा, काही नाही. चौथ्याला बत्तीस मोजले, आणि जाळीत आधी तपकिरी, मग लालबुंद तार दिसली.

"लाल झाली!" म्हातारा एवढ्यानं ओरडला की बकारामचं डोकं बॉनेटला आपटलं.

नवा हीटर येईपर्यंत चौथ्याच्या बाजूनं तार पक्की बांधली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता, दवानं निथळणारा ट्रक सपाट खळ्यावर तिसऱ्या सेल्फला सुरू झाला. धूर झाला, पाच खान्यांवर लंगडला, मग सहाही लागले. माल वेळेवर स्टेशनात गेला.

तीन दिवसांनी पुनाराम पहाटेच फावडं घेऊन पाळीवर चाकोरी बुजवत होता. एकट्यानं व्हायचं काम नव्हतं. तेवढ्यात ट्रक आला आणि पाळीच्या पायथ्याशी थांबला. मागे मुरूम भरलेला होता. बकारामनं इंजिन बंद केलं आणि तो खाली उतरला.

पुनारामनं फावडं टेकवलं. "बंद काऊन केली गा एवढ्या थंडीत? सुरू नाई झाली तं?"

"होते, काकाजी," बकाराम म्हणाला, आणि मुरुमाचं पहिलं घमेलं डोक्यावर घेऊन पायी पाळ चढू लागला.