दहा मिनिटं न्यूट्रलवर

सुरेंद्रने बाटलीचं सील दातांनी तोडलं, इंजिनाच्या तोंडात नरसाळं बसवलं आणि मधाच्या रंगाचं औषध आत ओतलं. रस्त्यापलीकडे, इंदिराबाईच्या टपरीवर, वारलूने अर्धा कप चहा खाली ठेवला.

"दहा मिनिटं नुसती चालू ठेवा, मुखरूभाऊ," सुरेंद्र म्हणाला. "न्यूट्रलवर. रेस नाई द्यायची. आतला मळ सुटते, मंग तेल काढून नवीन टाकू."

मुखरूने किल्ली फिरवली. मूल–सिंदेवाही रस्त्यावर चौदा वर्षं प्रवासी वाहिलेली जीप खोकली, धूर सोडला आणि धडधडू लागली. या चौदा वर्षांत तिच्या बॉनेटखाली वारलूशिवाय कोणाचा हात गेला नव्हता. आज गेला, आणि तोही सुरेंद्रचा. ज्याला पान्यांचे नंबर वारलूनेच शिकवले होते.

पहिलं मिनिट.

"तुमची जीप हाये ना ते, वारलूभाऊ?" इंदिराबाईने विचारलं.

"मुखरूची हाये."

"तसं नाई. दवाखाना तुमचा होता म्हनून म्हटलं."

बाकावरचा झिंगू हसला. "डॉक्टर बदलला, बाई. हा सुई टोचे, तो शिरप पाजते."

तिसरं मिनिट.

सुरेंद्रच्या दुकानात सिमेंटची फरशी होती. वारलूच्या दुकानात मातीवर तेल सांडून सांडून तीच फरशी झाली होती. मुखरू सुरेंद्रच्या खांद्यावर हात टाकून उभा होता. तो हात वारलूच्या ओळखीचा होता. त्याचं वजनही.

पाचवं.

वारलूचा हलणारा पाय थांबला. धडधडीच्या आत कुठेतरी बारीक टकटक सुरू झाली होती. इंजिनातले वरचे टॅपेट तेलावाचून कोरडे पडत होते. सुटलेला मळ खाली तेलाच्या चेंबरात, तेल ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसला असणार. जाळी तुंबली की तेल वर चढत नाही. लोखंडाला लोखंड घासतं, आणि मग इंजिन धरतं, जागीच जाम होतं.

खरं तर समोरच्या डॅशवर तेलाचा लाल दिवा लागायला हवा होता. तो लागणार नव्हता. बल्ब तीन वर्षांपूर्वी उडाला होता. मुखरूने तेव्हा विचारलं होतं, आणि वारलू ऐटीत म्हणाला होता, "दिवा कायले पायजे? माहा कान हाये ना."

सुरेंद्र मोबाईलवर वेळ बघत होता. ही जीप चौदा वर्षं न ऐकलेल्या माणसाला तो फरक कळणारच नव्हता.

सहावं.

धरू दे.

मुखरू जीप दोरीने ओढत परत आणेल. मान खाली घालून उभा राहील. आपण काही बोलायचं नाही. नुसता पाना उचलायचा.

वारलूने उरलेला चहा पिऊन टाकला. गार झाला होता.

धरू दे.

सातवं

मिनिट पुरं झालं नाही. वारलू रस्ता ओलांडून जीपपाशी पोचला होता. त्याचा हात खिडकीतून आत गेला आणि किल्ली उलटी फिरली. एकदम सगळं गप्प झालं.

"काऊन बंद केली, भाऊ?" सुरेंद्रने विचारलं. "टाइम बाकी होता."

"चेंबर खोल."

"पन झालं काय?"

"खोल म्हनतो ना."

मुखरूचा चेहरा तापला. "तुले पाहावत नाई काय बे, वारलू? दुसऱ्यानं जरा हात लावला तं जळून राह्यला?"

वारलूने रिकामा डबा जीपखाली सरकवला. आरोप खोटा असता तर तो भांडला असता.

तेल डब्यात काढलं, डांबरासारखं काळं. सुरेंद्र जीपखाली सरकला आणि एकेक बोल्ट सोडून त्याने चेंबर उतरवलं. वारलू गुडघ्यांवर बसून वाकला. जाळी काळ्या गाळाने लिंपली होती. आणि त्या गाळात लाल धागे होते. रबरासारखे, तुटके, गांडुळाएवढे.

लाल पेस्ट.

चेंबरचं पॅकिंग बसवताना ती एवढी थापणारा अख्ख्या मूल गावात एकच मिस्त्री होता. आपल्या हातच्या चेंबरातून थेंब गळत नाही, हा त्याचा अभिमान. जास्तीची पेस्ट दाबून आत जाते, तिथे लोंबत राहते. "भाऊ, एवढी कशाले?" असं सुरेंद्रने शिकताना एकदा विचारलं होतं. वारलूने त्याच्या डोक्यावर तेलाचं फडकं मारलं होतं.

सुरेंद्रने जाळीकडे बघितलं. मग वारलूकडे.

"सापडलं काय गा?" पलीकडून मुखरूने विचारलं आणि तो वाकू लागला.

सुरेंद्रने जाळीवरून अंगठा फिरवला. लाल धागे डब्यातल्या काळ्या तेलात पडले आणि बुडाले.

"जुना गाळ हाये, मुखरूभाऊ. इतक्या वर्षाचा. मी आधी जाळी पाहाले पायजे होती. वारलूभाऊच्या कानानं वाचली तुमची जीप."

मुखरू सरळ झाला. त्याने वारलूच्या खांद्यावर हात ठेवला. तोच हात, तेवढाच जड.

जीपखाली सुरेंद्र डिझेलने जाळी धूत होता. वर बघत नव्हता. वारलूला आयुष्यात कोणाचा इतका हेवा वाटला नव्हता.

झिंगू टपरीवरून उठून आला. त्याच्या घराच्या खांबांना वाळवी लागली होती, आणि जळकं तेल फासलं की ती मरते. "हे जळकं तेल मी नेऊ काय?" त्याने विचारलं, आणि उत्तराआधीच डबा उचलला.

सुरेंद्रने चेंबरच्या कडेला पेस्टची बारीक रेघ ओढली. बघायचं म्हणून बघितलं तरच दिसेल एवढी. वारलू उठला आणि आपल्या दुकानाकडे गेला. परत आला तेव्हा नवं तेल टाकून झालं होतं. त्याच्या मुठीत बोराच्या बीएवढा एक बल्ब होता. डॅशखाली हात घालून, चाचपडत, त्याने तो बसवला.

"कायले गा?" मुखरू हसत म्हणाला. "तुहा कान हाये ना!"

वारलूने किल्ली अर्धी फिरवली. लाल दिवा लागला. पुरी फिरवली. इंजिन चालू झालं, दिवा विझला.

आवाज इतका साफ होता की कानाला धरायला काही उरलं नव्हतं. वारलू तरी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला, त्या विझलेल्या दिव्याकडे बघत.